पाहुण्यांच्या मापाचं घर

८ जानेवारी

नवी वही. पहिल्या पानावर एकच शब्द लिहून ठेवते, म्हणजे राग निवायला लागला की उघडून बघता येईल: रंगबिंग.

रविवारी आमची तीन घरं लोकांना बघायला उघडली. आमच्या धंद्याची रीत अशी की घेणारा ठरलेला नसतानाच घर बांधायचं. रंग देऊन, नळाला पाणी सोडून, दाराला कुलूप घालून तयार ठेवायचं आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. बाबांनी सुरू केलं, आधी त्यांच्याबरोबर आणि मग त्यांच्यामागे मिळून एकोणीस वर्षं दादानं आणि मी चालवलं. दादा विकतो, मी बांधते. नकाशा माझा, जिना माझा, खिडकी कुठे पडायची ते माझं. घरात सगळ्यांना माहीत, साइटवर तर दोरीचा ओळंबा सोडून प्रत्येक भिंत मीच तपासते म्हणून माझ्या मागे मला ओळंबाबाईच म्हणतात.

तर रविवारी एक चष्मेवाल्या बाई जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "काय सुरेख चढण आहे, दम म्हणून लागत नाही. कुणाचं डोकं हे?" मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "माझंच." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "ही माझी बहीण. रंगबिंग ती बघते."

चाळीस माणसं होती. आणि मी हसले. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचाच मला जास्त संताप येतो आहे.

११ जानेवारी

ऑफिसात जाऊन सांगून आले की मी वेगळी होते. दादा खिडकीशी उभा राहून चहा पीत होता, कप कठड्यावर, कोपर टेकलेलं. या माणसाला कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही.

"अगं, बोलण्याच्या ओघात गेलं ते."

"ओघ बरा नेहमी तुझ्याच बाजूनं वाहतो."

"लोकांना भरवसा ठेवायला एकच तोंड लागतं. दोन तोंडं दिसली की गोंधळतात."

म्हटलं, मग ठेव तुझं एकच तोंड. मला माझ्या वाटणीत कोपऱ्यातला प्लॉट दे, त्या तीन घरांच्या बरोबर समोरचा. तो नाही म्हणेल म्हणून मी चार दिवस भाषण पाठ केलं होतं. तो म्हणाला, "घे." एवढंच. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाला "घे" म्हणणं म्हणजे त्याच्या हातातली काठीच काढून घेणं.

निघताना त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. सव्वासहा फूट उंची, जन्मभर वाकत आलाय, पण मन थाऱ्यावर नसलं की विसरतो. मला बरं वाटलं.

ठरलं. त्याची तीन घरं तयार उभी आहेत, माझं अजून जमिनीतून वर यायचंय. तरी त्याच्या तिन्हींच्या आधी माझं एक विकलं गेलं पाहिजे. त्या दिवशी तीच चाळीस माणसं बोलावणार, दादाला पहिल्या रांगेत बसवणार आणि विचारणार, सांग बाबा, रंगबिंग कसा वाटला.

२० जानेवारी

माझी दोन खोल्यांची जागा विकली. त्या पैशातच घर उभं राहणार. सामान घेऊन आईकडे आले. आई दारातच म्हणाली, "भावाशी वैर करायला राहतं घर विकलंस?"

"वैर करायला नाही. घर बांधायला."

"कुणासाठी?"

"ते अजून ठरलेलं नाही. आपल्याकडे कधी ठरलेलं असतं?"

आईनं माझी ट्रंक आत ओढली आणि तिच्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला. हे जर विकलं गेलं नाही तर माझ्या नावावर जगात तो एक कप्पा उरेल. हे मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

२ फेब्रुवारी

आज चिठ्ठी लिहिली.

बाबा म्हणायचे, घेणारा ठरलेला नसला तरी घर कुणातरी एकासाठी बांधायचं. म्हणून पाया खणायच्या आधी एक माणूस मनात आणायचा आणि त्याची माहिती चिठ्ठीवर लिहून मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची. पुढे काही अडलं की पेटी उघडायची आणि बघायचं, या माणसाला काय सोयीचं पडेल. त्याला आम्ही "पाहुणे" म्हणतो. पथ्य एकच, पाहुणे ओळखीचे नकोत. ओळखीचं माणूस धरलं की घर त्याच्याच अंगाचं होतं, दुसऱ्याला बसत नाही. बाबांनी एकदा नकळत मावशीला मनात धरून बांधलं होतं, ते चार वर्षं पडून राहिलं.

माझी चिठ्ठी इथेही उतरवून ठेवते:

"पाहुणे निवृत्त मास्तर. वय पंचावन्नच्या पुढे. उंच. उजवा गुडघा अधू, तेव्हा पायऱ्या बुटक्या आणि उतरताना डाव्या हाताला कठडा. खिडकीत पाय लांब करून बसायला जागा. चहा उभ्यानं पितात. झोप सावध, निजायची खोली रस्त्यापासून लांब. बायको गाते, पण कुणी ऐकतंय असं वाटलं की थांबते. तिला दार लागेल अशी एक खोली."

एका बैठकीत लिहून झाली. इतका चटकन पाहुणा मला आजवर कधी सुचला नव्हता. रागात डोकं चालतं म्हणतात ते खरं असावं.

१९ फेब्रुवारी

पाया. गवंडीमामा दादाचं काम सोडून माझ्याकडे आले. तीस वर्षं बाबांच्या हाताखाली काढलेला माणूस. मी विचारलं, दादा काय म्हणाला? मामा म्हणाले, "म्हणाला, जा. तिच्या भिंतींना चांगल्या माणसाचा हात लागतो."

म्हणजे माझा गवंडीसुद्धा त्याच्या परवानगीनं. दिवसभर तोंड कडू होतं.

७ मार्च

भिंती कमरेला आल्या. दादा रस्त्यापलीकडे काठी टेकून उभा राहून बघत होता. काठी ही नवीन दिसली. गुडघ्याचं दुखणं वाढलेलं दिसतंय.

ते लिहूनच टाकते. अकरा वर्षांपूर्वी तो बांधकामाच्या परांचीवरून पडला. एक फळी बांधलेली नव्हती. ती बांधायची मी दुपारवर ढकलली होती आणि दादा दुपारच्या आधी वर चढला. बाबांना त्यानं सांगितलं, "माझाच पाय घसरला." आजतागायत एका शब्दानं मला बोलला नाही, थट्टेतसुद्धा नाही.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग माफ करावं ना त्याला. माझं उलट होतं. माझी चूक त्यानं स्वतःच्या नावावर घेतली आणि माझा जिनाही स्वतःच्या नावावर घेतला. माझं म्हणून काही राहूच द्यायचं नाही का या माणसाला?

२५ मार्च

मामा म्हणाले, "ताई, ओटा सव्वातीन फूट? कुणाला पोचेल?"

"पाहुणे उंच आहेत."

"रांधणार पाहुणे का?"

"चहा तर करतील."

दारं साडेसात फुटी केली. कड्या, खुंट्या, बटणं सगळं त्या हिशेबानं वर. ओट्याशेजारच्या खिडकीचा कठडा जमिनीपासून साडेचार फुटांवर आणि चांगला रुंद, म्हणजे कोपर टेकून, कप ठेवून बाहेर बघता येईल.

१४ एप्रिल

आज हात साफ करून घेतला. दादाचं दोन नंबरचं घर बघायला एक जोडपं सकाळी दहाला यायचं होतं, एजंटाच्या तोंडून कळलं होतं. मी वाळूचा ट्रक बरोबर पावणेदहाला मागवला आणि ढीग त्याच्या फाटकासमोर ओतवला. मग माफी मागायला म्हणून मी पलीकडे गेले आणि त्या बाईंना शेजारधर्मानं सांगितलं की या घराच्या स्वयंपाकघरात दुपारी बारापासून पाचपर्यंत ऊन असतं, भांड्याला हात लावता येत नाही. नकाशात मी ते मागच्या बाजूला दाखवलं होतं. रस्त्यावरून शोभा दिसावी म्हणून दादानं फिरवून घेतलं.

जोडपं पाणी न पिता गेलं. दादा दारात उभा होता. मी हात हलवला.

खोटं एक अक्षर बोलले नाही. खरं बोलूनही एखाद्याचं वाटोळं करता येतं, हे आधी माहीत असतं तर एकोणीस वर्षं गप्प बसले नसते.

१५ एप्रिल

सकाळी गेले तर वाळू माझ्या प्लॉटवर, ढीग सारखा केलेला, वर ताडपत्री आणि कडेला विटा ठेवलेल्या. दादानं त्याची माणसं लावून करून घेतलं म्हणे. एवढा चांगुलपणा दाखवायची गरज नव्हती. कालची मजा पार गेली.

२८ एप्रिल

आणखी एक गिऱ्हाईक परतवलं. या वेळी काही करावंही लागलं नाही. त्यांनीच येऊन विचारलं, ती घरं कशी आहेत? मी नुसती गप्प राहिले.

९ जून

उघडलं! आमच्या हातून, माझ्या हातून, इतकं चांगलं घर झालेलं नाही. बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्या पाच-पाच इंचांच्या, पायाला कळत नाहीत. खिडकीतली बैठक शिसवी. आतली खोली अशी की दार लावलं की बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. दिवसभरात बावीस माणसं आली.

एक गृहस्थ ओट्याशी उभे राहून म्हणाले, "उंट पाळायचेत का इथे?" एक नवी नवरी वरची कडी काढायला उड्या मारायला लागली आणि सासूनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. एका कुटुंबातल्या पोरानं बटणासाठी बापाच्या खांद्यावर चढून दाखवलं, त्याला एकट्याला घर आवडलं.

पण चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबल्या, समोरच्या घरांकडे बघितलं, परत पायऱ्यांकडे बघितलं. "तो जिनाही तुमचाच होता तर," म्हणाल्या. मी मान डोलावली. पाच महिने ज्याची वाट बघितली ते एका माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू येईल की काय असं झालं. मग त्या आत गेल्या. ओट्यावरच्या कपाटाच्या खालच्या फळीलाही त्यांचा हात पोचला नाही. "घर छान आहे हो, पण हे आमचं नाही," म्हणाल्या.

३० जून

तीन रविवार झाले. कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

मामा मीटरची पेटी उघडून चिठ्ठी वाचत होते. बराच वेळ. मग विचारलं, "ताई, हे पाहुणे तुम्हाला भेटलेत का कधी?"

"मनातले आहेत, मामा. नेहमीसारखे."

"हं," म्हणाले आणि थापी पुसत बसले. थापी स्वच्छच होती.

६ जुलै

दादाचं एक नंबर विकलं गेलं. पाठोपाठ चार दिवसांनी तीन नंबरचाही सौदा ठरला. हरले. सरळ लिहिते, हरले. त्याचं दोन नंबर तेवढं राहिलंय, उन्हाचं. त्याचं गिऱ्हाईक मी घालवलं होतं. तेवढी एक जखम माझ्या हातची.

ओटा फोडून खाली घ्यावा का, असा विचार आला. मामांना विचारलं तर म्हणाले, "ओटा खाली घ्याल हो. दारं, बैठक, पायऱ्या, खिडक्या? घर पायापासून त्या मापाचं आहे."

१३ जुलै

आईला घर दाखवायला नेलं. ती सावकाश चढली, उतरताना डाव्या हातानं कठडा धरला. खाली येऊन म्हणाली, "ह्या पायऱ्या तुझ्या दादाला बऱ्या."

"उंच आणि लंगडी माणसं जगात पुष्कळ आहेत, आई."

"असतील. मला एकच माहीत आहे."

रिक्षात तिच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर ही वही काढून २ फेब्रुवारीचं पान वाचलं. मग वही मिटली. मास्तर. मी मास्तर लिहिलं होतं. दादा मास्तर नाही.

१७ ऑगस्ट

आज दुपारी दादा आला. एकटा. मी आत झाडू मारत होते. "बघायला आलोय, लोकांसारखा," म्हणाला. म्हटलं, बघ. लोकांनाही फुकटच असतं.

पहिल्या दारात वाकला. दुसऱ्या दारात वाकला. तिसऱ्याशी थांबला, वर बघितलं आणि चौथ्यातून ताठ मानेनं गेला. त्याची मान ताठ असते तेव्हा तो बाबांसारखा दिसतो हे मी विसरले होते. खिडकीत बसून उजवा पाय लांब केला, टाच बरोबर कडेला आली. स्वयंपाकघरात कठड्यावर कोपर टेकलं. आतल्या खोलीत गेला, दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग सवयीनं मीटरची पेटी उघडली.

मी त्याला अडवू शकले असते. झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले.

चिठ्ठी वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "ती गाते, हे तुला कसं माहीत?"

"वहिनी गाते असं कुठे लिहिलंय? पाहुण्यांची बायको गाते."

"हो का."

"एकोणीस वर्षं तुमच्या घरी, शेजारच्या खोलीत बसून नकाशे काढत होते मी. बहिरी नाही."

त्यानं झाकण लावलं. "मला हवंय हे घर. घरी जिना आता बसून उतरतो मी. एक-एक पायरी. ती आधी खाली जाऊन उभी राहते."

मी झाडू कोपऱ्यात टेकवला आणि म्हणाले, "तुला सोडून कुणालाही विकेन."

"हे कुणालाही बसायचं नाही. तुलाही माहीत आहे."

"मग पडून राहील."

"मी चुकलो त्या दिवशी. हवं तर तीच माणसं परत बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो की तिन्ही जिने तुझे."

"सांग. सांगायलाच हवं. त्याचा आणि या घराचा काय संबंध?"

"मग काय केलं म्हणजे देशील?"

सात महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यानं विचारावं, मागावं, आणि माझ्या हातात असावं. म्हटलं, "काही केलंस तरी नाही."

त्यानं काठी काखेत मारली, डाव्या हातानं कठडा धरला आणि खाली न बघता जिना उतरला. अकरा वर्षांत त्याला असं उतरताना पाहिलं नव्हतं. रस्त्यावर पोचल्यावर काठी टेकली.

मी जिंकले. तासभर तरी अगदी जिंकल्यासारखं वाटत होतं.

२६ ऑगस्ट

आईला सांगितलं, घर विकत नाही, मीच राहायला जाते. ती म्हणाली, "तुला तिथं पाण्याचा पेला तरी हाताला लागेल का?" मग माझा कप्पा रिकामा करायला लागली. मला वाटलं होतं, राहा म्हणेल.

दोन स्टुलं विकत घेतली. एक ओट्यासाठी, एक कड्या आणि बटणांसाठी. चार फूट नऊ इंच उंचीच्या बाईनं हे घर बांधलं हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

१२ सप्टेंबर

आई आली होती. दारातूनच म्हणाली, "समोरची पाटी बघितलीस का?" दोन नंबरच्या घरावरची, न विकलेल्या. सकाळी बदलली म्हणे. वर मोठ्या अक्षरांत "नकाशा, जिने आणि बांधकाम", त्याखाली माझं नाव. त्याचं नाव सगळ्यात खाली, "विक्री" म्हणून, बारीक अक्षरांत. रंगारी अक्षरं काढत होता तोवर दादा खाली शिडी धरून उभा होता. पाऊण तास. त्या गुडघ्यावर.

"काय म्हणू त्याला?" आईनं विचारलं.

"म्हणावं, रंगबिंग बरा लागलाय."

आई गेली. पाटी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवी, पण जमिनीवर उभं राहिलं की मला त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. ओट्याचं स्टूल खिडकीखाली सरकवलं आणि चढले. दिसली. शिडी काढायची राहिली होती, आणि तो तिथेच फाटकाशी, काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्या घराच्या पायऱ्यांकडे बघत होता. मी हाक मारली नाही. माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते.

स्टूल खिडकीखालीच राहू दिलंय. चहा त्याच्यावर उभी राहूनच प्यायले. कप ठेवायला कठडा बरोबर पुरतो.